सीलरचं नाव नंतर, आधी तो सेट कसा होतो ते बघा

बीडीएस संपलं, इंटर्नशिपचं वर्षही गेलं, आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये तुम्ही रुजू झालात. कॉलेजच्या कन्झर्वेटिव्ह ओपीडीत सीलर, म्हणजे रूट कॅनल भरताना फटी बुजवणारा मसाला, म्हणून सगळ्यांना मिळून झिंक ऑक्साइड युजेनॉलची एकच बाटली असायची. इथे ड्रॉवर उघडला की चार प्रकार. एक पावडर-लिक्विड, एक दोन ट्यूबवाला, एक तयार सिरिंज, आणि एक अर्धवट सुकलेला, जो कधी आणि कुणी आणला हे असिस्टंट ताईंनाही आठवत नाही. मॅडम म्हणतात, "आजच्या मोलरचं ऑब्च्युरेशन तू करून टाक." ऑब्च्युरेशन म्हणजे साफ केलेला कॅनल भरणं. कुठला सीलर घ्यायचा हे विचारायची लाज वाटते, मग कालच्या केसला जो घेतला होता तोच घेतला जातो.

शेपिंग (फाइलने कॅनलला आकार देणं) बऱ्यापैकी जमतंय, मुळाच्या टोकापर्यंतची लांबी सांगणाऱ्या अपेक्स लोकेटरवर विश्वास बसलाय, पण सीलरच्या बाबतीत "सर वापरतात तो" एवढंच धोरण आहे, अशांसाठी हे लिहितोय. माझा आग्रह एकच. ब्रँडच्या नावांचे आणि गुणधर्मांचे तक्ते पाठ करत बसू नका. प्रत्येक सीलर कोणत्या क्रियेने घट्ट होतो, त्यासाठी त्याला काय लागतं आणि काय खपत नाही, एवढं धरून ठेवा. कॅनल किती कोरडा हवा, पावसाळ्यात काय जपायचं, पुढे रिट्रीटमेंट (तोच कॅनल पुन्हा उघडून करणं) लागली तर तो निघेल का, ही बहुतेक उत्तरं तिथूनच निघतात.

पायरी १: त्याच्याकडून काम काय करून घ्यायचंय

कॅनल गटापर्चाच्या कांड्यांनी (पॉइंट किंवा कोन) भरतात, पण गटापर्चा डेंटिनला, म्हणजे कॅनलच्या भिंतीला, चिकटत नाही. आपण ज्याला जीपी म्हणतो त्या पॉइंटमध्ये खरा गटापर्चा साधारण २० टक्केच असतो. बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड, थोडं मेण-रेझिन आणि एक्स-रेत दिसावं म्हणून घातलेले धातूंचे क्षार. शिवाय पॉइंट गोल आणि कॅनल क्वचितच गोल. खालच्या पहिल्या मोलरच्या मेसियल रूटमध्ये (पुढच्या बाजूच्या मुळात) दोन कॅनलना जोडणारी इस्थमसची फट बघा. तिथे फाइल नीट पोचत नाही, पॉइंट तर नाहीच. ती फट, लॅटरल कॅनल (बाजूला फुटणारे फाटे), आणि पॉइंट व भिंत यांच्यातली जागा सीलरने भरायची असते.

व्हायवात हमखास विचारली जाणारी ग्रॉसमन यांची आदर्श सीलरची यादी तुम्हाला पाठ असेल: कालवल्यावर चिकट हवा, घट्ट बसणारा हवा, एक्स-रेत दिसायला हवा, पावडर बारीक हवी, सेट होताना आकसू नये, दाताला डाग पडू नये, जिवाणूंना वाढू देऊ नये, सावकाश सेट व्हावा, टिश्यू फ्लुइडमध्ये विरघळू नये, टिश्यूला त्रास देऊ नये, आणि गरज पडली तर सॉल्व्हंटमध्ये विरघळावा. ती पुन्हा एकदा वाचताना बघा, त्यातल्या अपेक्षा एकमेकींच्या पाय ओढणाऱ्या आहेत. शरीरात अजिबात विरघळू नये, पण आपण सांगू तेव्हा विरघळावा. जिवाणूंना मारावं, पण पेरिएपिकल (मुळाच्या टोकाभोवतीच्या) पेशींना धक्का लागू नये. सगळी यादी पूर्ण करणारा सीलर आजही मिळत नाही. म्हणून प्रत्येक केसमध्ये यातल्या कुठल्या दोन-तीन गोष्टींवर तडजोड नको, ते ठरवायला शिकायचं.

पायरी २: बॉक्समधला कागद वाचा आणि एकदा स्वतः तपासा

बारीक अक्षरातला तो घडीचा कागद बहुतेक क्लिनिकमध्ये बॉक्सबरोबरच कचऱ्यात जातो. तो काढून ठेवा. त्यावर आयएसओ ६८७६ असा उल्लेख सापडेल. रूट कॅनल सीलरसाठीचं हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यातले चार आकडे आपल्या कामाचे आहेत. फ्लो (दाबाखाली पसरणं) किमान १७ मिमी, फिल्मची जाडी जास्तीत जास्त ५० मायक्रॉन, विद्राव्यता वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत, आणि रेडिओओपॅसिटी (एक्स-रेत उठून दिसणं) किमान ३ मिमी ॲल्युमिनियमइतकी.

रेडिओओपॅसिटीचा आकडा समजून घ्यायला सोपा आहे. डेंटिनची रेडिओओपॅसिटी जवळजवळ तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमइतकी असते, त्यामुळे ३ मिमीची अट पाळणारा सीलर आयओपीएत, म्हणजे दाताच्या छोट्या एक्स-रेत, डेंटिनपासून वेगळा उठून दिसतो. फिल्मची जाडी कोन शेवटपर्यंत बसण्याशी जोडलेली आहे. दाणेदार मिश्रण झालं की ट्राय-इन करताना (सीलरशिवाय बसवून बघताना) वर्किंग लेंग्थला, म्हणजे कॅनलच्या ठरवलेल्या लांबीला, छान बसलेला मास्टर कोन (मुख्य पॉइंट) सीलर लावल्यावर मिलिमीटरभर वर अडतो, आणि आपण कोनला दोष देतो.

फ्लोचं गणित मात्र करून बघण्यासारखं आहे, आणि त्याला लॅब लागत नाही. फोटो फ्रेमवाल्याकडून ५ मिमी जाडीच्या काचेचे ४ सेंमी बाय ४ सेंमीचे दोन तुकडे कापून आणा, कडा घासून घ्या. असा एक तुकडा साधारण २० ग्रॅमचा भरतो. सीलर कालवायला लागलात की घड्याळ लावा. सुई न लावलेल्या १ मिलीच्या सिरिंजने ०.०५ मिली सीलर खालच्या काचेच्या मध्यावर ठेवा. तीन मिनिटं झाली की वरची काच ठेवून त्यावर १०० ग्रॅमचं वजन ठेवा. कालवायला सुरुवात केल्यापासून दहा मिनिटं पूर्ण झाली की वजन उचला आणि पसरलेल्या चकतीचा व्यास पट्टीने मोजा. १७ मिमीच्या खाली आला तर एक तर पावडर जास्त पडलीय किंवा माल जुना आहे. हेच दोन वेगवेगळ्या हातांनी कालवलेल्या झिंक ऑक्साइड युजेनॉलवर करून बघा. एकाच बाटलीतल्या मालाचा गुणधर्म हात बदलला की कसा बदलतो, ते पट्टीवर दिसतं. ट्यूबवाल्या किंवा सिरिंजवाल्या सीलरमध्ये हा फरक फार कमी राहतो, आणि नवशिक्या हातांसाठी ते जास्त बरे असं मला वाटतं त्याचं कारणही हेच.

पायरी ३: तो घट्ट कसा होतो

*झिंक ऑक्साइड युजेनॉल.* हा सगळ्यात जुना घराण्याचा. रिकर्ट यांचं चांदी घातलेलं मिश्रण १९३१ चं. चांदीमुळे एक्स-रेत झकास दिसायचं, पण दात काळवंडायचे. ग्रॉसमन यांचं पहिलं मिश्रणही १९३६ साली चांदीचंच होतं. १९५८ साली त्यांनी डाग न पाडणारं मिश्रण दिलं, ज्यात झिंक ऑक्साइड, रेझिन, बिस्मथ सबकार्बोनेट, बेरियम सल्फेट आणि थोडासा सोडियम बोरेट असतो. लिक्विड म्हणजे युजेनॉल, लवंगेच्या तेलातला मुख्य घटक.

झिंक आणि युजेनॉल यांचा चिलेट (धातूला धरून ठेवणारं संयुग) बनतो, झिंक युजेनोलेट, आणि त्याने मिश्रण घट्ट होतं. या क्रियेला पाण्याचा अंश लागतो, आणि पाणी व उष्णता वाढली की ती वेग घेते. ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्याने इथे कान टवकारायला हवेत. पावसाळ्यात इथल्या हवेत आर्द्रता सर्रास ८० टक्क्यांच्या वर असते. खिडकी उघडी असलेल्या क्लिनिकमध्ये जुलैत कालवलेलं मिश्रण मार्चच्या मानाने लवकर दाटतं. त्यावर उपाय म्हणून कुणी काचेचा स्लॅब फ्रिजमध्ये ठेवतं किंवा एसीच्या झोतात धरतं. स्लॅब थंड हवा हे खरं, पण तो फार थंड झाला आणि दमट हवेत आला की त्यावर दव धरतं. ते दव डोळ्यांना धुकट थरासारखं दिसतं, आणि तेच पाणी मिश्रणात जाऊन सेटिंगला घाई करतं. म्हणजे जे टाळायला गेलो तेच हाती आलं. स्लॅबवरून बोट फिरवा, रेघ उमटली तर पुसून कोरडा करा, मग कालवा. पावडरच्या बाटलीचं झाकण लगेच लावा, बाटली ऑटोक्लेव्हच्या शेजारी ठेवू नका.

कालवताना पावडर थोडी थोडी घ्यायची आणि स्पॅच्युलाने काचेवर दाबून रगडायची. झालं की स्पॅच्युला सपाट टेकवून सावकाश वर उचला. फणसाच्या चिकासारखी तार दोन-अडीच सेंटिमीटर न तुटता वर आली पाहिजे. दुसरी खूण म्हणजे स्पॅच्युलाच्या टोकावर गोळा करून ती उभी धरली, तर थेंब दहा-बारा सेकंद तरी पडता कामा नये. लगेच पडला तर पातळ; पातळ म्हणजे मोकळं युजेनॉल जास्त, आणि तेच टिश्यूला जळजळ करणारं.

याच रसायनातून याच्या दोन खोडी निघतात. झिंक युजेनोलेट पाण्यात हळूहळू उलटा फुटतो, युजेनॉल सुटत राहतं, त्यामुळे हा सीलर काळाच्या ओघात थोडाथोडा विरघळतो. आणि सुटं युजेनॉल कंपोझिटच्या (दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या) पॉलिमरायझेशनला, म्हणजे कडक होण्याला, अडवतं. वर कंपोझिट कोअर किंवा रेझिन सिमेंटने फायबर पोस्ट (मुळात रोवायची आधाराची कांडी) बसवायचा असेल तर एक तर दुसरा सीलर घ्या, नाहीतर चेंबर (कॅनलच्या वरचा पोकळ भाग) आणि पोस्टची जागा अल्कोहोलने पुसून, वरचं डेंटिन ताजं करून मगच बाँडिंग करा. एवढं सोडलं तर हा सीलर स्वस्त आहे, मदतीला क्लोरोफॉर्म असला की रिट्रीटमेंटमध्ये शहाण्यासारखा निघतो, आणि कित्येक दशकं टिकून राहिलेले दात त्याच्या खात्यावर आहेत. त्याला नाक मुरडायचं कारण नाही.

*इपॉक्सी रेझिन.* एएच २६ हे स्वित्झर्लंडच्या आंद्रे श्रोडर यांचं १९५० च्या दशकातलं काम. तो पावडर-रेझिन होता आणि सेट होताना त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटायचा. नंतर आलेल्या एएच प्लसने दोन पेस्ट आणि अमाइन वापरून ते प्रमाण नगण्य केलं. इथे इपॉक्साइडचे रेणू अमाइनशी जोडले जाऊन जाळं तयार होतं. क्रिया संथ असते: उत्पादकाच्या म्हणण्यानुसार खोलीच्या तापमानाला निदान चार तास काम करता येतं आणि शरीराच्या तापमानाला सेट व्हायला किमान आठ तास. तुम्हाला मोलरचे चारही कॅनल निवांत भरायला वेळ मिळतो. घाबरट हातांना हा फार मोठा आधार.

पाणी मात्र याला आवडत नाही. कॅनल पेपर पॉइंट कोरडा येईपर्यंत सुकवायचा. दोन्ही पेस्टच्या सारख्या लांबीच्या रेघा पॅडवर काढा आणि रंग एकसारखा होईपर्यंत मिसळा. एक पेस्ट अंबरसर, दुसरी पांढरट. घाईत मिसळलं की मधे पांढरे पट्टे राहतात आणि तेवढा भाग नीट सेट होत नाही. ट्यूबची झाकणं अदलाबदल करू नका, तोंडाशीच गाठ धरते. अमाइन-इपॉक्सीची ॲलर्जी डॉक्टर आणि असिस्टंट दोघांनाही होऊ शकते, तेव्हा ग्लोव्ह्जशिवाय पॅड उचलायचा नाही. सेट झाल्यावर याची विद्राव्यता फारच कमी, आकसणं थोडं. म्हणून नवा कुठलाही सीलर आला की अभ्यासक त्याला आधी याच्याशेजारी उभा करतात. जिवाणूंवरचा त्याचा परिणाम मात्र सेट होईपर्यंतचाच. त्या भरवशावर इरिगेशन (कॅनल धुणं) उरकू नका.

*बायोसिरॅमिक, म्हणजेच कॅल्शियम सिलिकेट.* याचं मूळ एमटीए नावाच्या दंतसिमेंटमध्ये, जे महमूद टोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात विकसित केलं आणि ज्याची सुरुवात साध्या बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्या कुळातून होते. ट्रायकॅल्शियम आणि डायकॅल्शियम सिलिकेट पाण्याशी क्रिया करतात, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा जेल आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, पीएच १२ च्या आसपास किंवा त्याहून वर जातो. टिश्यू फ्लुइडमधला फॉस्फेट मिळाला की पृष्ठभागावर ॲपेटाइट धरतं. आकसणं जवळपास नाही.

थोडक्यात, इपॉक्सीला जे पाणी नकोसं, ते याला हवंच. तयार सिरिंजमधल्या सीलरमध्ये पाणी नसतं. ते त्याला डेंटिनच्या ट्युब्यूलमधून (सूक्ष्म नळ्यांमधून) मिळतं. कोरड्या काचेवर ठेवलेला थेंब तासन् तास मऊच राहतो, ओल्या प्लास्टरच्या तुकड्यावर ठेवलेला घट्ट होतो. हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या. मग तुम्ही इपॉक्सीच्या सवयीने पाच-पाच पेपर पॉइंट खर्चून, वर अल्कोहोल मारून कॅनल ठणठणीत कोरडा करणार नाही. पॉइंटचं टोक किंचित ओलसर येईल इतपत पुरे. मात्र पाणी साचलेला कॅनलही चालत नाही, त्यात सीलर पातळ होऊन वाहून जातो.

पाण्याची हीच भूक बाहेर नडते. टिप काढली, तोंड पुसलं, झाकण लावलं, सिरिंज परत तिच्या पाकिटात, हे सगळं पेशंट खुर्चीत असतानाच करायचं. सिरिंज उघडी राहिली की आपल्या हवेत तोंडाशी खडा धरतो, आणि ही सिरिंज ड्रॉवरमधली सगळ्यात महागडी वस्तू असते. उत्पादकाने सांगितलं नसेल तर फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दवाचा तोच खेळ.

विद्राव्यतेच्या कसोटीत या घराण्यातले काही सीलर ३ टक्क्यांची रेघ ओलांडतात असं आढळलंय. कॅल्शियमचे आयन सोडणं हा ज्याचा गुण, त्याचं वजन पाण्यात थोडं घटणारच. तरीही माझ्या मते जिथे जाड थर लागेल तिथे हा प्रश्न मनात असू द्यावा. रिट्रीटमेंट ही याची खरी अडचण. क्लोरोफॉर्म याला विरघळवत नाही. मधला जीपी हीच आत जायची वाट, म्हणून कोन वर्किंग लेंग्थपर्यंत बसलेलाच हवा. कोन दोन मिलिमीटर अलीकडे आणि पुढे नुसता सीलर, अशी केस पुढच्या माणसाची परीक्षा घेते.

उरलेल्यांचं लवकर सांगतो. सीलअपेक्ससारखे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे सीलर टिश्यूशी बरे वागतात, पण विरघळतात. ग्लास आयोनोमर डेंटिनला चिकटतो आणि मग निघायला नाही म्हणतो. सिलिकॉनचे, उदाहरणार्थ गटाफ्लो, किंचित प्रसरण पावतात. रेझिलॉन आणि त्याच्याबरोबरचा मेथाक्रिलेट सीलर एकेकाळी फार गाजला, दात आणि फिलिंग एकजीव होतील अशी जाहिरात होती; वर्षांनी अपयशं दिसू लागली आणि तो मागे पडला.

पॅराफॉर्माल्डिहाइड असलेली पेस्ट मात्र ड्रॉवरमध्ये दिसली तरी हात लावू नका. ती नर्व्हच्या जवळ गेली तर कायमचा बधिरपणा येऊ शकतो. "दुखत नाही हो डॉक्टर त्याने" असं डेंटल सामानाचा डेपोवाला सांगेल. ज्याने टिश्यूच मरतो त्याने दुखणार कसं!

आणि नावांवर जाऊ नका. एएच प्लस आणि एएच प्लस बायोसिरॅमिक हे नावाने भाऊ वाटतात, पण एक इपॉक्सी आहे आणि दुसरा कॅल्शियम सिलिकेट. एमटीए फिलअपेक्सच्या नावात एमटीए आहे, पण तो घट्ट होतो सॅलिसिलेट रेझिनमुळे. डेपोला फोन करून मागवताना पूर्ण नाव सांगा आणि हातात आल्यावर घटक वाचा.

पायरी ४: कॅनल त्या अवस्थेत आणा

रबाळ्याच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा पेशंट ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येतो, पहिल्या सिटिंगला कॅल्शियम हायड्रॉक्साइड (मधल्या काळाचं औषध) भरून गेलेला असतो, आणि सुट्टी मिळत नाही म्हणून तीन आठवड्यांनी उगवतो. दुखणं नाही, सूज नाही, सायनस (हिरडीवरची पू वाहणारी वाट) बंद झालाय. छान. आता आत भिंतींना चिकटून बसलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड निघालं का? ते उरलं तर झिंक ऑक्साइड युजेनॉलच्या सेटिंगमध्ये ढवळाढवळ करतं आणि इतर सीलरना भिंतीपर्यंत पोचू देत नाही. नुसतं सिरिंजने धुऊन ते पूर्ण जात नाही. मास्टर एपिकल फाइल (टोकापर्यंत नेलेली सगळ्यात जाड फाइल) पुन्हा फिरवा, हायपोक्लोराइट आणि ईडीटीए ही धुवायची द्रावणं आलटून पालटून द्या, अल्ट्रासोनिक असेल तर वापरा.

शेवटी १७ टक्के ईडीटीए मिनिटभर, स्मिअर लेअर (फाइलिंगचा भिंतीवर बसलेला भुगा) काढण्यासाठी, म्हणजे ट्युब्यूलची तोंडं मोकळी होतात. क्लोरहेक्सिडिन वापरत असाल तर हायपोक्लोराइटवर थेट ओतू नका, तपकिरी साका बसतो आणि तो ट्युब्यूल बुजवतो. मधे सलाइनने भरपूर धुवा. आणि पेपर पॉइंटवर पाणी किंवा रक्त येतच राहिलं तर त्या दिवशी ऑब्च्युरेशन नाही. पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा तारीख. काका कुरकुरतील, "डॉक्टर, आज मसाला भरणार होतात ना?" कुरकुरू द्या. झिरपणाऱ्या कॅनलवर कुठल्याही सीलरचा बॉक्सवरचा आकडा लागू होत नाही.

पायरी ५: केस बघून हात घाला

समोरचा दात असेल तर रंग आधी. चांदी असलेला सीलर नको. बायोसिरॅमिक घेताना रेडिओओपॅसिफायर (एक्स-रेत दिसण्यासाठीचा घटक) बिस्मथ ऑक्साइड आहे की झिर्कोनियम ऑक्साइड ते बघा. बिस्मथ ऑक्साइड हायपोक्लोराइटच्या संपर्कात काळवंडतो.

खालचा दुसरा मोलर आणि आयओपीएत मुळाची टोकं इन्फिरियर अल्व्हिओलर कॅनलला (खालच्या जबड्यातल्या नर्व्हच्या बोगद्याला) टेकलेली दिसतायत, तर तिथे सीलर कुठला यापेक्षा किती आणि किती जोराने हा प्रश्न मोठा. लेंट्युलो (सीलर आत ढकलणारी फिरती स्प्रिंग) बाजूला ठेवा, सिरिंजची टिप खोल घालून दाबू नका, कोनलाच पातळ थर लावून सावकाश बसवा.

वॉर्म व्हर्टिकल, म्हणजे जीपी तापवून वरून दाबत भरायची पद्धत, करणार असाल तर उष्णता त्या सीलरला चालते का ते कागदावर बघा. काही बायोसिरॅमिक तापवले की पाणी गमावतात आणि फ्लो बिघडतो. त्यासाठी वेगळे प्रकार मिळतात. इपॉक्सी गरम झाला की लवकर सेट होतो. सिंगल कोन (एकाच पॉइंटने भरणं) करायचं तर बायोसिरॅमिक सोयीचा. लॅटरल कंडेन्सेशन (बाजूला दाबत जादा पॉइंट भरणं) हाताला बसलेलं असेल तर झिंक ऑक्साइड युजेनॉल किंवा इपॉक्सी.

टोक उघडं असलेल्या अपक्व दातात सीलर ओतायचा नसतो, तिथे एमटीएसारख्या मटेरियलचा प्लग लागतो. दुधाच्या दातांचा हिशोब वेगळा: तिथे मुळाबरोबर विरघळणारं मटेरियल लागतं, जीपी नाही.

सगळं सांगून झाल्यावरही "एकच घ्यायचा तर?" असं तुम्ही विचारणारच. नव्या माणसाने आधी इपॉक्सी हातात बसवावा. वेळ देतो, चुका झाकत नाही, एक्स-रेत स्वच्छ दिसतो. त्यानंतर बायोसिरॅमिक.

पायरी ६: भरा, पण आधी काढलेल्या दातांवर

नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत. ज्या कॉलेजात शिकलात तिथल्या एन्डोच्या (रूट कॅनल विषयाच्या) सरांना फोन करून हँड्स-ऑनची चौकशी करा. तोवर क्लिनिकमध्ये निघालेले दात जमवा. अमाल्गम नसलेले १२१ अंशावर ४० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, अमाल्गमवाले १० टक्के फॉर्मालिनमध्ये दोन आठवडे ठेवा.

त्यांचं नेहमीसारखं ऑब्च्युरेशन करा. इपॉक्सी असेल तर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. मग डायमंड डिस्कने, पाणी सोडत, टोकापासून ३ मिमीवर मूळ आडवं कापा आणि लूपमधून (भिंगाच्या चष्म्यातून) बघा. मधे गुलाबी जीपी, भोवती सीलरची पिवळसर कड. कुठे काळी रेघ दिसली तर तिथे पोकळी आहे. पांढरे ठिपके दिसले तर पेस्ट नीट मिसळली नव्हती. मेसियल रूट असेल तर इस्थमसच्या फटीत पिवळा रंग किती आत गेलाय ते बघा. आयओपीएत जी केस गच्च भरलेली दिसत होती तिच्यात ही काळी रेघ पुष्कळदा सापडते, कारण एक्स-रे एकाच दिशेचा आणि सीलर दोन्ही बाजूंना.

लावायची पद्धत सीलरवर ठरते. झिंक ऑक्साइड युजेनॉल आणि इपॉक्सीचा थर पातळ हवा, जीपीचा वाटा जास्त. मास्टर कोनच्या शेवटच्या तिसऱ्या भागाला लावा आणि भिंतींना टेकवत आत न्या, किंवा फाइलवर घेऊन उलटी फिरवत बाहेर काढा. लेंट्युलो वापरलाच तर टोकापासून २-३ मिमी अलीकडे, कमी वेगावर, आणि फिरता ठेवूनच बाहेर काढायचा. बायोसिरॅमिकच्या सिरिंजची टिप वरच्या भागातच राहू द्या, थोडासा सीलर सोडा आणि पुढे नेण्याचं काम कोनवर सोपवा. कोन दोन-तीनदा हलकेच वरखाली केला की हवा बाहेर पडते. झटक्यात खुपसला की पिस्टनसारखा सीलर अपेक्सच्या पलीकडे जातो.

पायरी ७: झाल्यावर

जीपी ऑरिफिसच्या (कॅनलच्या तोंडाच्या) खाली मिलिमीटर-दोन मिलिमीटर कापा. समोरच्या दातात तर सर्व्हायकल लाइनच्या (मूळ सुरू होतं त्या रेषेच्या) खाली, नाहीतर सहा महिन्यांनी हिरडीजवळ राखाडी सावली येते. चेंबरमधला सीलर ओला असतानाच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. पल्प हॉर्नचे कोपरे विसरतात, तिथे आरसा धरून बघा. टेंपररी फिलिंग निदान साडेतीन-चार मिलिमीटर जाड हवं, आणि पक्कं रिस्टोरेशन लांबवायचं नाही. खाली कितीही चांगला सीलर असला तरी वरून लाळ झिरपली तर त्याचा निभाव लागत नाही.

आयओपीएत अपेक्सच्या पलीकडे सीलरचा बारीक ठिपका दिसला म्हणून घाबरून उकरू नका. तो बहुधा शरीर सहन करतं. चावताना एक-दोन दिवस दुखेल हे पेशंटला आधीच सांगा. पण खालच्या मोलरनंतर भुलीचा अंमल उतरायची वेळ टळून गेली आणि ओठ बधिरच आहे असा संध्याकाळी फोन आला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी बोलवा, सिनियरना सांगा, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढा आणि ओरल सर्जनला दाखवा.

आणि केसपेपर. बहुतेक ठिकाणी "आरसीटी ४६, ऑब्च्युरेशन डन" एवढंच लिहिलेलं असतं. त्याखाली प्रत्येक कॅनलची वर्किंग लेंग्थ आणि मास्टर कोनचा नंबर, सीलरचं पूर्ण नाव, बॅच नंबर, आणि कोन किती मिलिमीटरवर बसला ते लिहा. सात वर्षांनी हा दात घेऊन पेशंट डोंबिवलीच्या किंवा पनवेलच्या कुणा डॉक्टरकडे गेला, तर क्लोरोफॉर्म चालेल की अल्ट्रासोनिक टिपने जपून खोदत जायचं, हे त्याला त्या एका ओळीवरून कळेल.